अंड्याची बशी

“बाई, अंडं खालूनसुद्धा दिसतंय!”

दत्तू फरशीला गाल टेकवून पडला होता. त्याच्या डोळ्यांसमोर लोखंडी तिवई, तिवईखाली स्पिरिटचा दिवा आणि तिवईवर माझ्या नवऱ्याने केलेली काचेची बशी. बशीत तूप, तुपात अंडं. बाकीची मुलं माझ्या स्वयंपाकघरात मिळेल त्या जागी दाटीवाटीने बसली होती.

“काय दिसतंय ते सांग की,” मी म्हणाले.

“बुडाला पांढरं होत आलंय. वर अजून पाणीच आहे.”

“बुडाला आधी का?”

“आपोआप.”

सगळी मुलं हसली. हा शब्द माझ्यापुढे चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं. कारखान्याच्या वसाहतीतली शाळा मी चालवत असे आणि शाळेत कुणी ‘आपोआप’ म्हणालं, की मी न रागावता एवढंच म्हणायची, “पुन्हा बघ.” कितीही वेळ लागला तरी मी थांबायची. मुलांना बघायला लावणं हेच मला शिकवणं वाटायचं, आजही वाटतं.

दत्तू पुन्हा बघायच्या आधीच वृंदा बोलली. “दिवा खाली आहे ना. ऊब आधी बुडाला लागते, मग वर चढते.”

“शाबास.”

“आमच्या आजोबांचं अंडं ड्रायव्हर करतो ना, तेव्हा असं दिसत नाही. तो ॲल्युमिनियमच्या डब्यात करतो.” एवढं बोलून तिने तोंडावर हात दाबला.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. वृंदाचे आजोबा म्हणजे नानासाहेब पळसुले, कारखान्याचे मालक. गावातल्या राममंदिराचे ते प्रमुख विश्वस्त होते आणि त्यांच्या बंगल्यात कांदालसूणसुद्धा चातुर्मासात दाराबाहेर राही.

“तुझ्या आजोबांना डॉक्टरांनी सांगितलं असेल,” मी म्हणाले. “आजारी माणसाने खावं. चला, आता झालं बघा. कोण खाणार?”

एक सोडून सगळे हात वर झाले. वृंदाने फक्त वास घेतला.

माझे यजमान श्रीधर नाडकर्णी यांनी जर्मनीत दोन वर्षं काचेचं काम शिकून घेतलं होतं. तिथे त्यांनी विस्तवावर ठेवायची काच पाहिली, आणि ती ज्या आकारात ओतत ते आकारही. कसली नक्षी नाही, फुलं नाहीत, सोनेरी कड नाही. ज्या कामाचं भांडं, त्या कामाला लागेल तेवढाच आकार. परत आल्यावर ते या कारखान्यात लागले. आमच्या कारखान्यात कंदिलाच्या चिमण्या आणि औषधाच्या बाटल्या होत. गावोगाव विजेचे खांब उभे राहू लागले होते आणि चिमण्या गोदामात साठत चालल्या होत्या. नानासाहेबांनी यांना छोटी भट्टी दिली आणि म्हणाले, काहीतरी नवं काढा.

त्यातून निघाली ती ही बशी. तळहाताहून थोडी मोठी, उथळ, दोन बाजूंना चपटे कान. त्यातच अंडं शिजवायचं, तीच टेबलावर आणायची, त्यातच खायचं. किती प्रयत्न वाया गेले त्याची गणती नाही. काही बशा भट्टीतून काढतानाच तडकत, काही आठवड्याने कपाटात. शेवटी जेव्हा एक बशी दिव्यावरून उतरवून लाकडी पाटावर ठेवली आणि ती तशीच राहिली, तेव्हा हे घरी येऊन काही न बोलता जेवायला बसले. मी ओळखलं.

वृंदाचं बोलणं मी त्यांना संध्याकाळी सांगितलं. ते खूप हसले. दुसऱ्या दिवशी दोन बशा कागदात गुंडाळून त्यांनी ड्रायव्हरच्या हाती दिल्या.

नानासाहेब त्यानंतरच्या आठवड्यात सकाळी फिरायला निघाले ते थेट आमच्या ओसरीवर आले. काठी भिंतीला टेकवून खुर्चीत बसले. मी चहा आणला.

“नाडकर्णी, हे फार उत्तम केलंत,” ते म्हणाले. “एकच भांडं. शिजवायचं त्यात, खायचं त्यात. आमच्या स्वयंपाकघराला पत्ताच लागत नाही. ड्रायव्हर गॅरेजमध्ये स्टोव्ह पेटवतो, मी मोटारीच्या बॉनेटवर बशी ठेवून उभ्या उभ्या खातो, तो लगेच धुऊन टाकतो. वास म्हणून राहत नाही. पूर्वी त्या डब्याला किती घासा, येतोच.”

“काच वास धरत नाही,” हे म्हणाले.

“पण फुलं नाहीत हो यावर. आपल्या लोकांना काहीतरी लागतं. एखादं जास्वंद वगैरे?”

“नानासाहेब, अंडं घातलं की मधे पिवळं आणि भोवती पांढरं. आणखी कशाला फूल हवं?”

नानासाहेब हसले. त्या वेळी मला ते आवडले. आजारातून उठलेला माणूस, खाण्याची लाज आणि चव दोन्ही एकदम सांभाळणारा. मग ते कामाचं बोलले.

“मुंबईहून सोराबजी येतोय रविवारी. मोठमोठ्या हॉटेलांना भांडी पुरवतो. त्याने हा माल उचलला तर मोठी भट्टी मी या काचेला देतो, तुमच्या हाताखाली. नाही उचलला तर मात्र…” त्यांनी कप खाली ठेवला. “चिमण्यांची हालत तुम्ही बघताच आहात. प्रयोगाला लाकूड जाळणं मला परवडणार नाही. छोटी भट्टी विझवावी लागेल.”

“उचलेल,” हे म्हणाले.

“बंगल्यावरच नाश्ता ठेवू. आमच्या माईसाहेब मंदिरात असतील, रामनवमीचं कीर्तन सुरू आहे. आमचा आचारी अंड्याला हात लावणार नाही. बाई, तुम्ही याल का?”

मी हो म्हणाले. यांनी मात्र यायला नकार दिला. “मी आलो तर काचेवर बोलत बसेन,” ते मला म्हणाले. “सोराबजीला काच ऐकायची नाहीये, अंडं खायचंय. तू कर. फक्त एक लक्षात ठेव, कुमुद. दिव्यावर तारेची जाळी ठेव, ज्वाला थेट लागू देऊ नको. आणि उतरवलीस की कोरड्या लाकडावर. ओल्या फडक्यावर नाही, फरशीवर नाही. ती विस्तव सोसते, पण विस्तवावरून निघून एकदम गार लागलेलं नाही सोसत.”

“कितीदा सांगाल?”

“आज शेवटचं.”

रविवारी सकाळी मी बंगल्यात गेले. जेवणघरात लांब टेबल, पांढरी चादर, खिडकीशी वाळा घातलेला माठ. कोपऱ्यातल्या चौरंगावर मी तिवई आणि दिवा मांडला, ड्रायव्हरकडच्या त्या दोन्ही बशा शेजारी ठेवल्या. वृंदा माझ्या मागे मागे होती. मीठ-मिरीच्या बाटल्या मी तिच्याकडे दिल्या होत्या.

“बाई, मी टेबलावर लाकडी पाट मांडू?”

“मांड. आधी फडक्याने पूस. कोरड्या.”

तिने मन लावून पुसले. नऊ वर्षांची मुलगी, पण तिला एकदा सांगितलं की पुरे असे. माझ्या शाळेत इतक्या वर्षांत तिच्याइतकं नीट बघणारं मूल मला मिळालं नव्हतं.

सोराबजी आले ते हसत. मोठं पोट, पांढरी पँट, डोक्यावर काळी टोपी.

“कशी हाय बाई? तुमचा हसबंड कुठे? मला वाटला तो काचेचा प्रोफेसर भेटेल.”

“ते कारखान्यात आहेत. तुम्हाला अंडं गार होण्याआधी खायला मिळावं म्हणून आले नाहीत.”

“हा हा! शहाणा माणूस हाय.”

पहिली बशी मी त्यांच्यापुढे ठेवली. तूप अजून चुरचुरत होतं. त्यांनी वाकून बशीच्या बाजूने पाहिलं, बोटाने कान चाचपला, चटका बसल्यावर हात झटकला.

“अरे वा. मस्का हाय एकदम. आणि प्लेट मधी घालायची भानगड नाय. वेटर खुश, भांडीवाला खुश. नानासाहेब, हा तुम्ही पन खाता का?”

नानासाहेबांनी दाराकडे पाहिलं. “आज तुम्ही आहात म्हणून. एकटं खाऊ नये पाहुण्याने. बाई, मलाही एक करा.”

“गॅरेज मधी नाय जायचा?” सोराबजींनी डोळे मिचकावले. ड्रायव्हरकडून त्यांना सगळं कळलं असावं.

“आज टेबलाशी,” नानासाहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून नीट बसले, पाठ सरळ, उपरणं सावरून.

मी दुसरी बशी दिव्यावर ठेवली. सोराबजी अंडं संपवत आले होते. “ऑर्डर मी पक्की करतो,” ते बोलत होते. “मोठ्या हॉटेलांना आधी, मग क्लब, मग दवाखाने. आजारी मान्साला काय लागतो? अंडा. पन आधी हात धुतो, सगळा तूप लागला.” ते उठले आणि व्हरांड्यातल्या बेसिनकडे गेले.

मी दुसरी बशी कानांना फडकं लावून उचलली आणि नानासाहेबांच्या पुढ्यातल्या पाटावर ठेवली. वृंदा त्यांच्या उजव्या हाताला उभी होती, मिठाची बाटली घेऊन. पाट कोरडा होता. तूप चुरचुरत होतं. पिवळं मधोमध होतं.

नानासाहेबांनी पेल्यातलं पाणी उजव्या तळहातावर घेतलं. माठातलं गार पाणी. ओठ पुटपुटले आणि हात बशीभोवती फिरला, जसा जन्मभर ताटाभोवती फिरत आला होता. मुंज झाल्यापासून बसून जेवताना हात आपला फिरतोच, त्यात विचार नसतो. गॅरेजमध्ये उभ्याने खाताना तो फिरला नव्हता. आज ते टेबलाशी बसले होते.

पाणी काचेच्या कडेवर पडलं आणि पाटावरून बुडाखाली शिरलं. फुस्स झालं, थोडी वाफ आली. मग ‘टच्’ असा बारीक आवाज. बशी या कानापासून त्या कानापर्यंत चिरत गेली आणि तिचे दोन तुकडे शांतपणे बाजूला सरकले. पिवळं चादरीवर वाहू लागलं.

नानासाहेबांचा हात हवेत तसाच होता. त्यांनी आपल्या ओल्या बोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात चादरीखाली नेऊन पुसला.

“काय झाला?” सोराबजी दारात आले.

“फुटली,” नानासाहेब म्हणाले.

“कशी?”

“फुटली आपोआप.”

मला वाटलं, ते घाबरले आहेत, क्षणभराने सांगतील. मी सांगायला सुरुवात केली. “नाही, पाणी लागलं. गरम काचेला गार पाणी…”

तेवढ्यात व्हरांड्यातून माईसाहेबांचा आवाज आला. “आज कीर्तनकारबुवांचा घसा बसला म्हणून लवकर…” आणि त्या हातात प्रसादाची वाटी घेऊन जेवणघरात आल्या. टेबल पाहिलं, चादरीवरचं पिवळं पाहिलं, तशाच थबकल्या.

“हे काय?”

“सोराबजींचा नाश्ता,” नानासाहेब म्हणाले.

“हा, हा,” सोराबजी लगेच म्हणाले. “मी दोन खातो नेहमी.” चांगला माणूस. मित्राची अब्रू झाकायला त्याला क्षणही लागला नाही.

“मग तुमच्या पुढ्यात कसं?”

“दुसरं इथे ठेवलं बाईंनी. आणि ते फुटलं.” नानासाहेब आता स्थिर झाले होते. “नाडकर्ण्यांची काच. विस्तवावर टिकते म्हणे.”

ते ‘म्हणे’ ऐकून मी हातातलं फडकं खाली ठेवलं. सोराबजी एक तुकडा उचलून उजेडात धरत होते. मला दिसत होतं, आत्ता इथे जे ठरेल ते ठरेल. छोटी भट्टी, मोठी भट्टी, यांचं सगळं.

“सोराबजी, ऐका,” मी म्हणाले. “काच चांगली आहे. तुमची बशी बघा, अजून तशीच आहे. हिला गार पाणी लागलं. नानासाहेबांनी सवयीने पाणी फिरवलं. कुठलीही तापलेली काच अशाने फुटेल.”

“पाणी फिरवलं?” माईसाहेबांनी वाटी टेबलावर ठेवली. “चित्राहुती? अंड्याभोवती?”

“बाई काहीतरीच बोलतात,” नानासाहेब म्हणाले. आवाज शांत, अगदी कनवाळू. “माझं ताटच नाही इथे. मी पाणी कशाभोवती फिरवीन? त्यांची तरी काय चूक. नवऱ्याचं काम आहे, जीव तुटतोच.”

“पाट बघा, ओला आहे.”

“माठ इथे आहे, पेले इथे आहेत. सांडलं असेल.”

माईसाहेब नवऱ्याकडे बघत होत्या. मग त्यांचं लक्ष वृंदाकडे गेलं. मीठ धरून ती जिथे होती तिथेच उभी होती.

“वृंदा. तू इथेच होतीस?”

“हो.”

“आजोबांनी पाणी फिरवलं?”

मला हायसं वाटलं. खरंच सांगते, हायसं वाटलं. या मुलीला मी बघायला शिकवलं होतं. ती त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होती. तिने हात फिरलेला पाहिला होता, वाफ पाहिली होती, चीर कुठून निघाली तेही पाहिलं होतं. दत्तू असता तर मला भीती वाटली असती.

तिने आजीकडे पाहिलं. मग आजोबांकडे. नानासाहेब तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते, उपरण्याची घडी नीट करत होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत.

“नाही,” ती म्हणाली. “आपोआप फुटली.”

मी तिला ‘पुन्हा बघ’ म्हणाले नाही. तिथे ते म्हणणं म्हणजे एका मुलीला तिच्या आजोबांविरुद्ध उभं करणं होतं.

सोराबजींनी काचेचा तुकडा अलगद खाली ठेवला. “बाई, तुमचा राग नको. मला काच कळत नाय, मला गिऱ्हाईक कळतो. दोनमधी एक फुटला. हॉटेलमधी कुनी पाणी सांडणार नाय काय? साहेब लोकाच्या पँटवर अंडा गेला तर मला मारील.” त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. “प्लेट सुंदर हाय. आई शपथ, सुंदर हाय.”

मी दोन्ही तुकडे फडक्यात बांधून घरी आणले. हे ओसरीवर उभेच होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं, तरी पहिला प्रश्न विचारला तो असा:

“पाणी कडेवर पडलं की खाली गेलं?”

“दोन्ही.”

“आधी कुठे?”

मी सांगितलं. त्यांनी तुकडे जुळवले, भिंग काढलं, चीर जिथून सुरू झाली ती जागा मला दाखवली. कडेचा एक टिंबाएवढा ठिपका, तिथून पंख्यासारख्या बारीक रेघा निघालेल्या. “हे बघ, इथे थेंब पडला. काच खोटं बोलत नाही.” त्यांना समाधान झाल्यासारखं दिसलं. काच निर्दोष होती. मला रडू आलं ते त्यांचं हे समाधान बघून.

नानासाहेब दोन दिवसांनी सकाळी आले. या वेळी बसले नाहीत.

“नाडकर्णी, तुमचं म्हणणं खरं असेल.”

“असेल नाही, आहे. हे बघा…” हे तुकडा घेऊन पुढे झाले.

“ठेवा ते. संचालकांची बैठक आहे. तिथे तुम्ही एवढंच म्हणा, काच अजून कच्ची आहे, पुढे बघू. लोक विचारतात, सोराबजी का परतला. काहीतरी सांगावं लागेल ना? एवढं म्हणालात की मी तुम्हाला बाटल्यांच्या कामावर ठेवतो. शब्द देतो.”

“काच कच्ची नव्हती, नानासाहेब.”

“तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. मग लोकांना कशाला?”

“आणि पाणी?”

“कसलं पाणी?” त्यांनी विचारलं. खरंच आठवत नसल्यासारखं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, वृंदा शाळेला येत नाहीये दोन दिवस. तिच्यावर रागावू नका हं. पोर आहे.”

“मी कधी रागावत नाही मुलांवर,” मी म्हणाले.

बैठकीत यांनी काच कच्ची म्हटली नाही. पाण्याचंही बोलले नाहीत. कुणाच्या देवाला आणि ताटाला आपल्या भट्टीसाठी चव्हाट्यावर का आणायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते फक्त एवढं म्हणाले की काच चांगली आहे आणि आपलं इथलं काम संपलंय. त्याच दिवशी छोटी भट्टी विझवली. भट्टी विझली की आतली काच जागच्या जागी दगड होते, ती फोडून काढावी लागते. घणाचे घाव वसाहतीत ऐकू येत होते. शाळेत मुलं विचारत होती, बाई, हा आवाज कसला. मी त्यांना फळ्यावर भट्टी काढून दाखवली. काच वितळते कशी, गोठते कशी. नीट समजावलं.

मुंबईत प्रयोगशाळेच्या नळ्या बनवणाऱ्या एका ठिकाणी यांना जागा मिळाली. आमचं सामान बांधायला वैशाख उजाडला. उरलेल्या बशा हे एकेक करून गोणपाटात गुंडाळत होते. विकायला नव्हत्या, फेकवत नव्हत्या.

निघायच्या आदल्या सकाळी दारात वृंदा उभी राहिली. हातात कापडी पिशवी. रविवारनंतर ती शाळेत आली नव्हती, तिला गावातल्या शाळेत घातलं होतं. उंच झाल्यासारखी वाटली.

“ये ना,” मी म्हणाले.

ती उंबऱ्याच्या आत आली नाही. “आजोबांनी विचारलंय, एक बशी मिळेल का. असल्या तर दोन.”

“कशाला?”

“त्यांच्याकडे दुसरी होती ना, सोराबजींनी जिच्यात खाल्लं ती. ती काल गड्याच्या हातून पडली, विसळताना.”

मला आधी समजलंच नाही. “म्हणजे कालपर्यंत वापरात होती?”

“रोज.”

आतून यांचे हात थांबल्याचं मला कळलं. ते उठून दाराशी आले. हातात सुतळी होती.

“रोज? स्टोव्हवर?” त्यांनी विचारलं.

“हो, काका.”

“जाळी ठेवून की थेट?”

“जाळी ठेवून.”

“कुठे चीर? बुडाला धुरकट झाली होती का? रंग बदलला?”

“नाही. नव्यासारखी होती.”

“अस्सं,” हे म्हणाले. पुन्हा म्हणाले, “अस्सं.” त्यांचा चेहरा उजळला होता. परीक्षेचा निकाल ऐकावा तसे ते उभे होते. मला तो चेहरा बघवेना.

“आणि आजोबा अजून गॅरेजमध्येच खातात?” मी विचारलं.

“नाही. आता माडीवर, त्यांच्या खोलीत. टेबलाशी बसून.”

“मग पाणी?”

वृंदाने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. मग ती सांगू लागली, वर्गात सांगायची तशी, नीट क्रमाने. “आजोबा आधी बसतात. पाट रिकामा असतो. रिकाम्या पाटाभोवती पाणी फिरवतात. मग आजी फडक्याने पाट कोरडा करते. मग ड्रायव्हर बशी आणतो. असं केल्यावर एकदाही फुटली नाही.”

“आजी पुसते?”

“आजीनेच काढलं ते. म्हणाली, तुमचं पाणीही राहील आणि बशीही.”

शेजारच्या घरात कुणीतरी बादली ओढत होतं.

“वृंदा,” मी शेवटी विचारलं, “त्या दिवशी काय झालं, ते तुला माहीत होतं?”

“मी पाहिलं होतं ना, बाई,” ती म्हणाली. तिला प्रश्नाचं नवल वाटलं असावं. “थेंब आधी कडेवर पडला. मग खाली गेला. वाफ आली, मग आवाज.”

सगळं बरोबर होतं. एकही गोष्ट सुटली नव्हती, क्रमही चुकला नव्हता. माझ्या उभ्या आयुष्यात इतकं अचूक उत्तर मला फार थोड्या मुलांनी दिलं असेल.

“दे तिला,” हे म्हणाले. “दोन दे. चांगल्या बघून दे.”

मी आत गेले. गोणपाट उसवलं, दोन बशा काढल्या, उजेडात धरून पाहिल्या. कुठे बुडबुडा नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या पिशवीत घातल्या. तिने पिशवी छातीशी धरली आणि पायऱ्या उतरू लागली.

वर्गात कुणाच्या हातात काच दिली, की मी मागून हमखास म्हणायची, सांभाळून ने हं. शब्द तोंडाशी आले होते. ती फाटकापर्यंत गेली, फाटक उघडायला तिने पिशवी एका हातात घेतली. मी ते म्हणाले नाही.